विडीचे थोटूक आणि महात्माजी

महात्मा गांधींचे चरित्र आमच्या वाचकांस नवे नाही. चंपारण्य, दांडी, चले जाव हे शब्द इयत्ता चौथीपासून कानांवरून जात असतात, आणि २ ऑक्टोबरला दरवर्षी सूतकताई व प्रभातफेरीची वर्णनेही आपण वाचतो. येथे त्या मोठ्या प्रसंगांची उजळणी करण्याचा विचार नाही. त्यांच्या आयुष्यातील एकच धागा हाती घ्यावयाचा आहे. तो म्हणजे एखादी लागलेली सवय माणसाने सोडावयाची ठरविली असता त्याचा स्वभाव त्याला कोठे हात देतो व कोठे पाय ओढतो, हा. गांधीजींनी आयुष्यभर काही ना काही सोडले. त्याची सुरुवात झाली ती काकांनी ओढून फेकलेल्या विडीच्या थोटकापासून.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी काठेवाडात पोरबंदर येथे झाला. वडील करमचंद ऊर्फ कबा गांधी हे पोरबंदरचे व पुढे राजकोटचे दिवाण होते. मनुष्य सत्यप्रिय, शूर, पण काहीसा तापट. आई पुतळीबाई अत्यंत व्रतस्थ. चातुर्मासात सूर्यदर्शन झाल्याखेरीज जेवायचे नाही असा तिचा नेम असे. मुले अंगणात उभी राहून आकाशाकडे डोळे लावीत, ढगांतून सूर्य डोकावला की आईला हाक मारीत, आणि ती बाहेर येईतो तो पुन्हा ढगाआड गेलेला असे. त्यावर ती जराही न रागावता हसतमुखाने पुन्हा कामास लागत असे. त्याग करावा आणि त्याचा त्रागा करू नये, हे मोहनने पाहिले ते प्रथम घरातच.

असे असले तरी हा मुलगा जन्मतः धीट नव्हता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याला अंधाराची भीती वाटे. एका बाजूने भूत येईल, दुसऱ्या बाजूने चोर आणि तिसऱ्या बाजूने साप, अशा कल्पनांनी तो गांगरून जाई, आणि दिव्याशिवाय त्याला झोप येत नसे. घरातील रंभा नावाच्या दाईने त्याला भीतीवर रामनामाचा उपाय सांगितला होता. शाळेत तो इतका लाजाळू की घंटा झाल्याबरोबर कोणी आपल्याशी बोलेल या भयाने घराकडे धूम ठोकीत असे. वर्गात हुशारीबद्दल फारसा लौकिक नव्हता. मात्र एक गोष्ट होती. शिक्षकांनी खुणावले असताही त्याने शेजाऱ्याच्या पाटीवरून इंग्रजी शब्द उतरवून घेतला नाही. चोरून पाहावयाचे असते हे त्याच्या ध्यानातच आले नाही.

आणि हाच मुलगा बारा-तेरा वर्षांचा असताना लपूनछपून विडी ओढू लागला!

एक नात्यातला मुलगा त्याचा सोबती होता. तंबाखूची चव आवडली किंवा वास मोहक वाटला असे काही नव्हते. तोंडातून धुराचे लोट निघतात ते पाहण्यात काही मौज असावी, एवढेच त्यांना वाटले. मोहनच्या काकांना विडीचे व्यसन होते, आणि मोठी माणसे जे करतात ते आपणही करावे ही मुलांची जुनी हौस. पण पैसे कोठून आणावयाचे? तेव्हा काकांनी टाकलेली थोटके दोघे गोळा करू लागले. थोटके नेहमीच सापडत नसत, आणि सापडली तरी त्यांतून धूर तो कितीसा निघणार? मग घरच्या नोकराच्या खिशातील पैसा-दोन पैसा चोरून विड्या विकत आणण्यास सुरुवात झाली. आता त्या ठेवायच्या कोठे, ही नवी पंचाईत. वडीलधाऱ्यांसमोर तर ओढणे शक्यच नव्हते. काही आठवडे हा प्रकार कसाबसा चालला. कोणी सांगितले की एका झाडाचे देठ पोकळ असून ते विडीसारखे ओढता येतात. तेही ओढून झाले. समाधान म्हणून लाभले नाही.

पुढे जे घडले ते चमत्कारिक आहे. विडी मिळत नाही यापेक्षा मोठ्यांच्या परवानगीवाचून आपल्याला काहीच करता येत नाही, ही पराधीनता त्या दोन मुलांस असह्य झाली. एवढ्याशा गोष्टीने त्यांचे मन इतके कडू झाले की हे जिणेच नको असा घोर अविचार त्यांनी केला. संध्याकाळी दोघे देवळात गेले, समईत तूप घातले, दर्शन घेतले आणि एकांताची जागा शोधू लागले. तेथे मात्र त्यांचा धीर सुटला. मेल्याने काय मिळणार, त्यापेक्षा पराधीनता सोसलेली काय वाईट, असा विचार आला आणि दोघे मन शांत करण्यासाठी रामाच्या देवळात गेले. सुदैवाने प्रकरण तेथेच मिटले. परंतु त्या संध्याकाळी दोघांच्याही मनाला असा काही धक्का बसला की थोटके वेचणे आणि नोकराचे पैसे चोरणे ही दोन्ही कायमची सुटली. लहान वयात मनाच्या कोंडमाऱ्याला केवढे रूप येते, आणि मोठ्यांस त्याचा पत्ताही नसतो, हे या प्रसंगातून पालकांनी विशेष ध्यानात घ्यावे असे आम्हांस वाटते. असे काळे विचार मनात आलेल्या मुलाने ते आईवडिलांजवळ, शिक्षकांजवळ, कोणाजवळ तरी बोलून टाकावेत. मोहनजवळ त्या दिवशी निदान एक सोबती तरी होता.

येथे थोडा खुलासा केला पाहिजे. चरित्रकार अशा वेळी एकदम जयजयकार करतात आणि महापुरुषाच्या अलौकिक निग्रहाचे हे पहिले दर्शन होय असे लिहून मोकळे होतात. आम्हांस ते पटत नाही. काही आठवडे, तेही थोटकांवर, ओढलेल्या विडीची पकड ती केवढी असणार? तंबाखूत निकोटीन नावाचे द्रव्य असते. धूर छातीत घेतला की साधारण दहा सेकंदांत ते मेंदूपर्यंत पोहोचते व क्षणभर सुखाचा भास निर्माण करते. हे रोज घडत राहिले म्हणजे मेंदू त्याची मागणीच करू लागतो. अशा मुरलेल्या माणसाने विडी सोडली की चिडचिड, अस्वस्थता, झोप न येणे, कशात लक्ष न लागणे असे त्रास सुरू होतात. पहिल्या आठवड्यात ते सर्वांत तीव्र असतात आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेक ओसरतात. मोहनची गाडी त्या थरापर्यंत गेलीच नव्हती. पाळेमुळे रुजण्याच्या आत रोप उपटले गेले. निग्रहाइतकेच यात सुदैवही आहे, आणि विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हाच भाग सर्वांत कामाचा.

मानसशास्त्रज्ञांनी अलीकडच्या काळात या प्रश्नाचा पुष्कळ अभ्यास केला आहे. कोणत्या स्वभावाची माणसे धूम्रपानाकडे वळतात व कोणत्या स्वभावाची ते सोडू शकतात, हे त्यांनी हजारो लोकांची पाहणी करून ताडून पाहिले. नेटकेपणाने वागणारा, घेतलेले काम तडीस नेणारा, पुढचा विचार करणारा मनुष्य ती सवय सोडण्यात अधिक यशस्वी होतो, असे सामान्यतः आढळते. उलट जो सदा चिंतेत असतो, ज्याचे मन चटकन ढवळून निघते, किंवा जो क्षणाच्या लहरीवर चालतो, तो सोडतो खरा, पण पुन्हा ओढू लागतो. फार माणसांत रमणाऱ्यास ही सवय लागण्याचा धोका काहीसा जास्त, असेही दिसते. हे सारे सरासरीचे हिशेब आहेत. एकेका माणसाचे भविष्य त्यातून वर्तविता येत नाही. मोहनचेच पाहा ना! नेटकेपणा आणि भित्रेपणा, दोन्ही त्याच्या ठिकाणी भरपूर होते. चिंतेच्या खात्यावर तो नापास होण्याचीच शक्यता अधिक. मग पारडे कशाने फिरले?

आमच्या मते ते फिरले त्याच्या एका विलक्षण खोडीमुळे. खोटेपणाचे ओझे त्याला पेलत नसे. इतर मुले खोटे बोलून विसरून जातात. हा विसरू शकत नसे. विडीनंतर थोड्याच अवधीत एका मित्राच्या नादाने त्याने मांसाहार सुरू केला. इंग्रज मांस खातात म्हणून बलवान आहेत व राज्य करतात, असे त्या मित्राने त्याच्या गळी उतरविले होते. पहिल्या रात्री पोटात जिवंत बकरी ओरडत आहे असे त्याला वाटत राहिले. तरी वर्षभरात पाच-सहा वेळा तो प्रकार झाला. परंतु अशा मेजवानीनंतर घरी आईसमोर पानावर बसावयाचे कसे? भूक नाही, पोट बिघडले आहे, अशा थापा माराव्या लागत. ह्या थापाच त्याला मांसापेक्षा अधिक बोचू लागल्या, आणि आईवडील हयात आहेत तोपर्यंत मांस वर्ज्य असे त्याने ठरवून टाकले. मित्र मात्र सोडला नाही. आपण त्याला सुधारू अशी त्याची समजूत होती, आणि ती पुढे पार फसली.

पंधराव्या वर्षी आणखी एक चोरी झाली. थोरल्या भावाला पंचवीसेक रुपये कर्ज झाले होते. त्याच्या दंडात सोन्याचे भरीव कडे होते. त्यातला एक तुकडा कापून विकण्यात आला व कर्ज फिटले. हे काम मोहनच्या हातून झाले होते. कर्ज फिटले, पण मन फिटेना. तोंडाने सांगण्याचे धैर्य नव्हते, म्हणून त्याने चिठ्ठी लिहिली. तीत अपराध कबूल केला, शिक्षा मागितली, वडिलांनी स्वतःला क्लेश करून घेऊ नयेत अशी विनंती केली आणि पुन्हा चोरी न करण्याची प्रतिज्ञा लिहिली. वडील तेव्हा भगंदराने आजारी, लाकडी फळीवर पडून असत. मुलाने थरथरत्या हाताने चिठ्ठी दिली व समोर बसला. वडील उठून बसले, त्यांनी ती वाचली. डोळ्यांतून आसवे ओघळली, कागद भिजला. क्षणभर डोळे मिटून त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली आणि ते पुन्हा आडवे झाले. मुलगाही रडला. ह्या तापट गृहस्थाने त्या दिवशी हात उगारला असता किंवा कपाळ बडवून घेतले असते, तर पुढचे गांधीजी आपणांस मिळाले असते की नाही, सांगता येत नाही. पुढे १८८५ साली कबा गांधी वारले.

स्वभाव जन्मतः मिळतो, पण त्याला वळण लावण्यासाठी बाहेरचे काही साधन लागते. गांधीजींना ते साधन लाभले ते प्रतिज्ञेचे. १८८८ साली बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेला जाण्याचे ठरले तेव्हा आई धास्तावली. बेचरजी स्वामी नावाच्या जैन साधूसमोर मोहनदासाने मद्य, मांस व परस्त्री यांना स्पर्श न करण्याची शपथ घेतली, आणि ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून तो बोटीत बसला. इंग्लंडमध्ये मित्रांनी त्याला समजावण्याचा खूप प्रयत्न केला. एका अशिक्षित आईपुढे, तिकडची परिस्थिती ठाऊक नसताना घेतलेल्या शपथेला काय किंमत, असा त्यांचा युक्तिवाद. त्याच्यापाशी उत्तर नव्हते. तो वादात हरत असे व रोज उपाशीपोटी शपथ पाळीत असे. रोज नव्याने विचार करावयाचा म्हटला तर माणूस एखाद्या दिवशी हरतोच. प्रतिज्ञेने विचार करण्याचे दारच बंद होते. पुढे शाकाहारी भोजनगृह सापडले, त्या विषयावरची पुस्तके वाचली, आणि जे आईसाठी पाळले होते ते स्वतःच्या मताने पाळू लागला.

बॅरिस्टरीच्या अभ्यासात ठरावीक मेजवान्यांस हजर राहावे लागे. चौघांच्या टेबलास दारूच्या दोन बाटल्या मिळत. गांधी पीत नसत, त्यामुळे आपल्या चौघांत हा गृहस्थ असावा अशी विद्यार्थ्यांत चढाओढ लागे. दोन बाटल्या तिघांत पुरेशा होत! या काळात साहेबी पोशाख, नाच, व्हायोलिन असले शोकही त्यांनी काही महिने केले. पण त्याही दिवसांत एक सवय सुटली नव्हती. बसभाडे, टपालाची तिकिटे, वर्तमानपत्राचा पैसा, सगळा खर्च वहीत टिपून रात्री शिल्लक जुळविल्याखेरीज ते निजत नसत. त्या वहीनेच एके दिवशी त्यांना साहेबी थाटाचा खरा आकडा दाखविला. त्यांनी खर्च निम्म्यावर आणला, जागा बदलली, रोज आठ-दहा मैल पायी चालू लागले. विडी सोडू पाहणाऱ्यास आज वैद्य सांगतात की किती ओढली, केव्हा ओढली, कोणाबरोबर ओढली हे लिहून ठेवा. वहीचा तोच उपयोग.

१८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन ते परतले तेव्हा कळले की आई निवर्तली आहे. वकिलीत मुंबईस जम बसेना, आणि १८९३ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेस गेले. तेथील लढ्याचा इतिहास सर्वश्रुत आहे. तो येथे सोडून देऊ. १९१० साली सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी जोहान्सबर्गजवळ हरमन कॅलनबॅक या जर्मन मित्राने दिलेल्या ११०० एकर जमिनीवर टॉल्स्टॉय फार्म उभा राहिला. तेथे मद्य व धूम्रपान यांस पूर्ण बंदी होती. नाना जातींची, नाना धर्मांची माणसे तेथे एकत्र राहत होती. एकट्याने सोडणे कठीण जाते ते पंगतीने सोडणे सोपे जाते, हा अनुभव त्यांनी तेथे घेतला. राजकोटच्या त्या दोन मुलांनी विडी सोडली तीही जोडीनेच, याची येथे आठवण होते.

त्यांच्या या स्वभावाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कस्तुरबा एकदा फार आजारी होत्या. मीठ व डाळी वर्ज्य केल्यास गुण येईल, असे गांधीजींस वाटे. ते परोपरीने सांगत, पण बा ऐकेनात. शेवटी त्या म्हणाल्या की तुम्हांला कोणी सांगितले तर तुम्हांलाही हे सोडवणार नाही. झाले! गांधीजींनी तत्क्षणी वर्षभर दोन्ही सोडल्याचे जाहीर केले. बा कळवळल्या, क्षमा मागू लागल्या, मी सोडते पण तुम्ही शपथ मागे घ्या म्हणून विनवू लागल्या. ते बधले नाहीत. बा रडल्या. ज्या हट्टाने माणूस व्यसन सोडतो तोच हट्ट घरच्या माणसांस किती जड जातो, हे या प्रसंगात दिसते, आणि निदान आमचे मन तरी येथे बांच्या बाजूस झुकते.

हा हट्टही सर्वदा यशस्वी झाला असे नाही. १९१२ मध्ये कॅलनबॅक यांच्यासह त्यांनी दूध सोडले होते. १९१८ साली खेडा जिल्ह्यात हिंडत असता त्यांना आमांशाने गाठले आणि ते अस्थिपंजर झाले. हवापालटासाठी त्यांना आपल्या महाराष्ट्रातील माथेरान येथे आणले, परंतु तेथील पाणी मानवले नाही व दुखणे उलट वाढले. मुंबईस डॉक्टर दलालांनी स्पष्ट सांगितले की दूध घेतल्यावाचून शरीर भरणार नाही. दूध न घेण्याची शपथ आड येत होती. तेव्हा जवळ उभ्या असलेल्या बांनी सुचविले की शपथ घेतलीत ती गाईम्हशींचे दूध डोळ्यांपुढे ठेवून, मग शेळीच्या दुधास काय हरकत? ते कबूल झाले. शब्द पाळला गेला, पण शपथ घेतेवेळी मनात सर्वच दूध होते, तेव्हा तिचा आत्मा आपण मारला, ही टोचणी त्यांनी नंतर स्वतःच लिहून ठेवली. जगण्याची इच्छा शपथेहून प्रबळ ठरली, हे त्यांनी लपविले नाही. शेळीचे दूध मात्र शेवटपर्यंत चालू राहिले.

गांधीजींसारखी इच्छाशक्ती असली म्हणजे झाले, असे कोणी म्हणेल. पण इच्छाशक्ती व बुद्धी यांनी संपन्न अशी दुसरी माणसे तंबाखूपुढे हरलेली आहेत. व्हिएन्नाचे डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड यांचे उदाहरण घ्या. माणसाच्या मनाचा तळ शोधणारा हा पंडित दिवसास वीसवीस सिगार ओढीत असे. १८९४ मध्ये हृदयाचे ठोके अनियमित झाल्यावर त्यांच्या डॉक्टर मित्राने सिगार बंद करविले. ते सोडीत, खिन्न होत, लेखन थांबे, आणि पुन्हा ओढू लागत. १९२३ मध्ये जबड्यास कर्करोग झाल्याचे कळले. त्यानंतरच्या सोळा वर्षांत तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, तरी सिगार सुटला नाही. १९३९ मध्ये ते लंडन येथे वारले. याउलट गांधीजींचे गुरुस्थानीय लिओ टॉल्स्टॉय यांनी तरुणपणापासून मुरलेली तंबाखू साठीच्या घरात पोहोचताना सोडली. आणि प्रत्यक्ष गांधीजींच्या घरात काय घडले? थोरले चिरंजीव हरिलाल मद्याच्या आहारी गेले. वडिलांनी पत्रांनी, उपदेशांनी, जाहीर लेखांनी पुष्कळ प्रयत्न केले, पण ते सुटले नाही. १९४८ साली, वडिलांच्या हत्येनंतर काही महिन्यांतच, हरिलाल मुंबईस एका रुग्णालयात निवर्तले. बापाचा निग्रह मुलास वारसाहक्काने मिळत नाही. दुसऱ्याला सोडावयास लावणे हे स्वतः सोडण्याहून निराळेच काम आहे, आणि त्यात महात्माजींनाही यश आले नाही.

आपल्या भागाशी गांधीजींचा संबंध निकटचा आहे. डिसेंबर १९२४ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन बेळगाव येथे भरले, आणि त्याचे अध्यक्ष गांधीजी होते. उभ्या आयुष्यात त्यांनी अध्यक्षपद स्वीकारले ते याच एका अधिवेशनाचे. तत्पूर्वी त्याच वर्षाच्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांचे आंत्रपुच्छ दुखू लागले व पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली होती. ज्या बेळगाव जिल्ह्यात हे अधिवेशन भरले त्याच जिल्ह्यात निपाणी हे विडीच्या तंबाखूचे मोठे पेठेचे गाव आहे. तेथील शेतकऱ्याची चूल त्या पिकावर पेटते, विडी वळणाऱ्या हजारो स्त्रियांचा संसार त्या पानावर चालतो. १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी तेथे मोठे आंदोलन झाले व गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. तेव्हा तंबाखू हा नुसता ओढणाऱ्याच्या स्वभावाचा प्रश्न नाही. पिकविणाऱ्याच्या, वळणाऱ्याच्या पोटाचाही आहे, हे विसरून उपदेश करणे बरे नव्हे.

आमच्या सप्तापुरात आज शिकवण्यांचे वर्ग व विद्यार्थ्यांच्या खोल्या दाट झाल्या आहेत. खेड्यापाड्यांतून आलेली सोळा-सतरा वर्षांची मुले घरापासून दूर, परीक्षेच्या चिंतेत, चौघांच्या खोलीत राहतात. चहाच्या टपरीवर सुटी सिगारेट मिळते. मोहनदासाला थोटके वेचावी लागत, चोरून पैसे जमवावे लागत. आजच्या मुलास तेवढीही अडचण नाही. घरून आलेल्या खर्चाच्या पैशांत ते सहज भागते. २००३ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांच्या शंभर यार्डांच्या आत तंबाखूचे पदार्थ विकण्यास व अठरा वर्षांखालील मुलांस ते देण्यास बंदी केलेली आहे. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्यास मनाई करणारे नवे नियम अमलात आले ते २ ऑक्टोबर २००८ या दिवशी. तारीख कोणी निवडली असेल ती विचारपूर्वकच निवडली असावी. भीती, एकटेपणा व सोबत्यांची भीड ह्या तिन्ही गोष्टी राजकोटच्या मोहनपाशी होत्या, आणि आमच्या गल्लीतल्या मुलांपाशीही आहेत. आईवडिलांना चिठ्ठी लिहिण्याची सोय तेवढी कमी झाली आहे. आता चिठ्ठ्या कोणी लिहीत नाही, आणि दूरध्वनीवर बोलताना सारे ठीक आहे असे म्हणून टाकणे फार सोपे असते.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध केले गेले. आठवड्याभरातच, १५ ऑगस्ट रोजी, त्यांचे मुलासारखे चिटणीस महादेवभाई देसाई तेथेच वारले. त्या दुःखाच्या दिवसांत त्र्याहत्तरीकडे झुकलेल्या त्या वृद्धाने आरोग्यावर एक लहानसे पुस्तक लिहावयास घेतले. आहार, पाणी, हवा यांबरोबर त्यात दारू, अफू व तंबाखू यांचाही विचार केला आहे. कस्तुरबांनी १९४४ च्या फेब्रुवारीत त्याच वाड्यात देह ठेवला. दोघांच्या समाध्या तेथे शेजारी शेजारी आहेत. पुण्यास सहलीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्या पाहाव्यात.

तंबाखूबद्दल मोठेपणी त्यांचे मत अतिशय कडक होते. ती सवय रानटी, घाणेरडी व अपायकारक आहे, जगभर तिचे एवढे वेड का असावे हे आपणांस कळत नाही, असे ते म्हणत. आगगाडीच्या डब्यात धूर भरला की त्यांचा जीव गुदमरे, आणि त्यांचा प्रवास तर बहुधा तिसऱ्या वर्गाचा. तरीही हे मत सांगताना स्वतःची विडी त्यांनी झाकून ठेवली नाही. १९२५ च्या अखेरीस नवजीवन साप्ताहिकात त्यांची आत्मकथा क्रमशः येऊ लागली तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे, देशाचे सर्वमान्य पुढारी होते. त्या बालपणीच्या गोष्टी त्यांना कोणी विचारलेल्या नव्हत्या. सुरुवातीच्याच प्रकरणांत त्यांनी काकांची थोटके, नोकराच्या खिशातील पैसे, देवळातली ती संध्याकाळ आणि भावाचे कापलेले कडे असे सगळे क्रमाने लिहून काढले, आणि ते गुजरातीत व इंग्रजीत छापून देशभर गेले.